नव्या तांदळाचं पाणी

वाटी उचलली तरी काट्यावर आकडा राहिला. वर काहीच नाही म्हटल्यावर शून्य यायला हवं होतं. पण तिथे एक आडवी रेघ होती आणि रेघेपुढे एकशे चौदा. उणे एकशे चौदा. उज्ज्वला रिकामी वाटी हातात धरून उकिडवी बसून राहिली. कारण तिला माहीत होतं. वाटी ठेवून तिनंच बटण दाबलं होतं, म्हणजे वाटीचं वजन धरू नकोस असं काट्याला सांगितलं होतं. आता वाटी गेली तर काटा तेवढ्यानं खाली जाणार. सरळ आहे. तरी नसलेल्या वस्तूचं वजन असं डोळ्यांसमोर लुकलुकताना तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि गेलं वर्षभर हा काटा तिच्या हातातून सुटला नव्हता. तिनं वाटी ठेवली. शून्य. उचलली. उणे. ठेवली. वजन नसलेलं काही आणि वजन गेलेलं काही, यांत काट्याला फरक कळतो तर, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला गंमत वाटली. पुन्हा उचलली.

"मम्मी, बॅटरी जाईल," प्रतिक्षा दारातून म्हणाली. कालपासून मुलीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. तेही काट्याच्या काळजीचं. उज्ज्वलानं वर पाहिलं तोवर दार रिकामं झालं होतं.

खोडाळ्याचं हे घर नवऱ्याच्या आईचं, कमूचं. सासूला ती आत्या म्हणते. नवरा गोकुळ शिक्षक, सुट्टीतही कुठल्यातरी प्रशिक्षणाला पालघरला गेलेला. ती स्वतः जव्हारच्या एका कचेरीत आवक-जावक बघते, आणि तिची सुट्टी आज संपत होती. दुपारच्या गाडीनं जायचं. दोघींनी की एकटीनं, एवढाच प्रश्न होता. प्रतिक्षाला राहायचं होतं. दिवाळीची उरलेली सुट्टी आजीकडे, मम्मीशिवाय. अकरा वर्षांच्या मुलीनं आजीकडे राहायचं म्हटलं तर त्यात विचारण्यासारखं काही नसतं, पण प्रतिक्षाला गेल्या वर्षापासून जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागते, आणि सुईत औषध किती भरायचं ते ताटात काय आणि किती वाढलंय त्यावर ठरतं. नाशिकच्या आहारवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वाटीत सांगू नका, ग्रॅममध्ये सांगा. वाटी म्हणजे काही माप नाही, ताई. तुमची वाटी वेगळी, माझी वेगळी. उज्ज्वलाला ते इतकं पटलं होतं की त्या दवाखान्यातल्या बाकावर, पोरीच्या हाताला सलाईन असताना, तिला जवळजवळ बरं वाटलं होतं. काहीतरी मोजता येणार होतं. म्हणून खोडाळ्याला येताना तिनं ठरवलं, आत्यांच्या घरातली सगळी भांडी ग्रॅममध्ये करून टाकायची. एकदा आकडे बसले की आत्या वाढतील, पोर हिशेब करेल, औषध घेईल. मग राहू दे. तिनं कागद घेतला, चुलीजवळ भांडी मांडली, आणि

आत्यांची भाताची वाटी, सपाट =
तीच, शीग लावून =
मापटं, नागलीचं पीठ =
मापटं, तांदळाचं पीठ =
डाव, वरणाचा =
(डाव कोण बुडवतं त्यावर)

इथपर्यंत आली. समोरचे आकडे भरत नव्हते. म्हणजे भरत होते, पण थांबत नव्हते. नागलीच्या पिठाचं मापटं तिनं भरलं, वजन केलं. सकाळी प्रतिक्षानं अंगणात जाण्याआधी तेच मापटं तेच पीठ घालून भरलं होतं, न बोलता, हाताशी होती म्हणून. ते कमी भरलं. मग आत्यांना भरायला सांगितलं. त्यांनी पीठ ओतलं, मापटं जमिनीवर दोनदा आपटलं, पुन्हा ओतलं, वर बोटं फिरवून शीग बसवली. काटा कुठच्या कुठे गेला.

"आत्या, ठोकू नका ना. नुसतं भरा."

"ठोकल्याबिगर माप कसलं गं?" कमू म्हणाली. "वारं भरून देयाचं का घरच्या माणसाला?"

वारं. उज्ज्वलानं मापट्यात डोकावून पाहिलं. खरंच की, तिच्या मापट्यात पीठ होतं आणि पिठाच्या मधेमधे वारं होतं, पोरीच्या मापट्यात त्याहून जास्त वारं होतं, आणि आत्यांनी वारं हाकलून दिलं होतं. मग वाटीत आपण आजवर काय मोजत होतो? गिरणीतून आलेलं गरम पीठ हलकं असतं, डब्यात बसलं की जड होतं, हे तिला माहीत होतं; पण ते चपातीच्या कणकेबद्दल माहीत होतं, वजनाबद्दल नव्हतं. तिनं पिठात बोट खुपसलं. बोटाभोवती पीठ थोडं खचलं, आणि त्या खचण्यात किती ग्रॅम असतील असा विचार करत असताना शेजारची रखमी ओटीवर येऊन टेकली. रखमीच्या घरातले दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. जायच्या आधी ती घरोघरी अशी टेकत असते.

"काय गं उज्ज्वला, सोन्याची हाय का काय वाटी? तोलतेस ती?"

"पिठाचं वजन बघते, मावशी."

"वाणी झालीस तं," रखमी म्हणाली. "आमच्याकडं अंगणवाडीत पोरांचं वजन करतात. पिठाचं नाय कोण करीत." आणि कमूकडे वळून, "तुझी सून उलटीच हाय, कमू. शिकली ना."

दोघी हसल्या. उज्ज्वलाही हसली, पण तिला झोळी आठवली. सूर्यमाळला, माहेरच्या पाड्यावर, आंब्याच्या फांदीला टांगलेला गोल तबकडीचा काटा आणि त्याखाली निळी कापडी झोळी, दोन पाय घालायला दोन भोकं. तिला त्यात बसवलं होतं आणि पाय जमिनीवरून सुटले होते. अंगणवाडीच्या बाई तबकडीकडे बघत होत्या, आई बाईंच्या तोंडाकडे बघत होती. आपण किती आहोत ते वरच्या त्या काट्याला कळतंय आणि आपल्याला कळत नाही. मांड्यांना कापड काचत होतं. बाई म्हणाल्या, आहे, बरी आहे, आणि आईनं श्वास सोडला, तो तिला तिथे लोंबकळत ऐकू आला होता. शेजारच्या पोरीच्या वेळी बाई काही बोलल्या नव्हत्या, नुसतं लिहिलं होतं. खाण्याचं वजन तेव्हा कुणी केलं नाही. कशाचं करणार होते. आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रतिक्षाचा शाळेचा स्कर्ट कमरेत सैल झाला तेव्हा, एवढं सगळं पाहिलेली ती, पिना लावत राहिली. उंच होतेय म्हणाली. रात्री उठून तांबेच्या तांबे पाणी पिते पोर, म्हणाली, दिवसभर खेळते ना. मग एक दिवस पोरीचा श्वास धापांसारखा झाला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, आणि जव्हारहून घाटातून तिला नाशिकला न्यावं लागलं.

काल दुपारचा रक्तातल्या साखरेचा आकडा तीनशे चार होता.

जेवणानंतर थोडा वेळ गेला की बोट टोचून बघायचं, तसं बघितलं. व्हायला हवा होता त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि जेवण उज्ज्वलानं स्वतः रांधलं होतं, भात स्वतः तोलून वाढला होता, वाटीनं नाही, ग्रॅमनं. औषध तिच्या डोळ्यांदेखत गेलं होतं. वाटी खोटं बोलेल, ग्रॅम कसे बोलतील? मग उरलं काय? फडताळात आत्यांनी केलेल्या नागलीच्या लाडवांचा डबा होता.

"तू काय खाल्लंस?"

"काही नाही."

"प्रतिक्षा, मी ओरडणार नाही. फक्त सांग, किती."

"काहीच नाही खाल्लं, मम्मी."

"मग हे कुठून आलं?"

मुलीनं यंत्राकडे पाहिलं, जणू यंत्रालाच विचारावं. मग ती बाहेर गेली आणि गोठ्यापाशी उभी राहिली. इथपर्यंत ठीक होतं, असं झालं होतं जव्हारलाही. पण संध्याकाळी उज्ज्वलानं लाडवांचा डबा काढून काट्यावर ठेवला. आधीचं वजन तिला माहीत नव्हतं. मग कशाशी ताडणार होती? तरीही ठेवला, आणि आकडा येईपर्यंत वाट पाहिली, आणि मान वळवली तर प्रतिक्षा पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. तिनं काट्यावरचा डबा पाहिला. हंडा ठेवला, त्यातलं पाणी थोडं सांडलं, आणि त्यानंतर आज सकाळी बॅटरी जाईल म्हणेपर्यंत काहीच म्हणाली नाही. रात्री गोकुळचा फोन आला. "अगं, एवढं घाबरायचं तर घेऊन ये तिला." उज्ज्वलानं बॅग भरून ठेवली. पोरीचे कपडेही भरले. पोरीनं ते पाहिलं.

रखमी उठून गेली. भाताची वेळ झाली होती. गाडीआधीचं हे शेवटचं जेवण, म्हणून उज्ज्वलानं भांड्यांचा कागद बाजूला सारला, डब्यातून तांदूळ घेतला, काट्यावर तोलला (हे ती करतेच), धुतला, पातेल्यात टाकला. तांब्यानं पाणी घातलं. आणि हात थांबला.

थांबला म्हणजे तिनं थांबवला नाही. ती तेव्हा गाडीचा विचार करत होती, खिडकीकडची जागा मिळेल का, पोर बोलेल का. तांब्या कलता होता, पाणी पडत होतं, आणि मधेच तांब्या सरळ झाला. पातेल्यात तांदळावर पाणी थोडंच होतं. जव्हारला ती याहून कितीतरी जास्त घालते. तिनं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. का थांबलास? पाणी संपलं नव्हतं. तिनं तांब्या पुन्हा कलवायचा प्रयत्न केला आणि हाताला ते आवडेना. आणखी पाणी घातलं तर लापशी होईल, असं हाताला वाटत होतं, तिला नव्हे. तिनं खाली वाकून डब्यातला तांदूळ चिमटीत घेतला. दुधट, किंचित चिकट, दाताखाली कट्कन न तुटता दबणारा. नवा होता. या वर्षीचा, आत्ताच झोडलेला. नव्या तांदळाला पाणी कमी घालायचं. कोण म्हणालं होतं हे? कुणीच म्हणालं नव्हतं. हे कुणी सांगत नाही. तिची आई न सांगता कमी घालायची, आत्या घालतात, ती लग्नाआधी सूर्यमाळला घालायची, आणि जव्हारच्या दुकानातल्या जुन्या तांदळाला हाच हात आपोआप सैल सुटतो. काल दुपारीही तो इथे असाच थांबला असणार, आणि ती दुसऱ्याच कशाच्या तरी विचारात असणार.

काल कमी पाणी. म्हणजे कालचा भात.

तिला भीती वाटायला हवी होती, किंवा लाज. ती नंतर वाटली. आधी तिला नुसतं बघायचं होतं. तिनं पातेल्यातलं पाणी तोललं. कागद उलटा केला. चूल बेताची ठेवली आणि समोर बसून राहिली, झाकण थरथरेपर्यंत, कडेनं पेज फुटून येईपर्यंत. घरात वास भरला. जव्हारच्या भाताला हा वास नसतो. भात झाला. पातेलं फडक्यात धरून काट्यावर ठेवलं, पातेल्याचं वजन वजा केलं.

जुना तांदूळ, जव्हारला: भात = तांदळाच्या तिप्पट, थोडा वरच.
नवा तांदूळ, इथे: भात = अडीचपट. तीही पुरती नाही.

म्हणजे काल ताटात तिनं जो भात तोलून वाढला त्यात पाणी कमी होतं आणि तांदूळ जास्त. काट्यानं भाताचं वजन सांगितलं, ते खरं होतं. भातात तांदूळ किती ते त्याला कोण विचारणार? ती वाटीतलं वारं मोजू नये म्हणून वजनाकडे आली, आणि वजनात पाणी निघालं. मग पाण्याच्या मागे काय असेल, असाही एक विचार येऊन गेला. हाच तांदूळ होळीपर्यंत वाळेल, पुढच्या पावसात आणखी सुकेल, म्हणजे आज काढलेला अडीचचा आकडा हळूहळू तीनकडे सरकत जाणार, रोज, कुणाला न दिसता, कणगीतल्या कणगीत. तिला हे फार विलक्षण वाटलं. अंधारात बसून तांदूळ पाणी सोडतोय. कागदावर = लिहिलं की झालं असं तिला वाटायचं; आणि इथे बरोबरीच्या चिन्हाची उजवी बाजू जिवंत होती.

"प्रतिक्षा!"

मुलगी आली, दारातच थांबली. तिच्या तोंडावर अजून कालच्या डब्याचा राग होता.

"इकडे ये. हे बघ. हा तांदूळ, मी घेतला तेव्हा एवढा. आणि हा भात. आपल्या घरी एवढ्या तांदळाचा केवढा होतो?"

प्रतिक्षा जवळ आली. आकडे बघून तिचे ओठ हलले. हिशेबात ती बापासारखी. बोटं न वापरता करते. मग ती म्हणाली, "म्हणजे काल मी दीडशे ग्रॅम खाल्ला, पण तो दीडशे नव्हताच." थांबली. "म्हणजे होता दीडशेच. पण आपल्याकडच्या एकशे ऐंशीसारखा."

"जवळजवळ."

"म्हणून औषध कमी पडलं."

"हो. थोडं तरी म्हणूनच."

"लाडू नाही."

"नाही," उज्ज्वला म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात मागून कमू म्हणाली, "नवा भात बसतो, जुना फुगतो. त्यात काय एवढं? तुला ठाव नव्हतं?"

"ठाऊक होतं, आत्या."

"मग?"

ठाऊक होतं ते एका जागी होतं आणि हिशेब दुसऱ्या जागी होता, आणि मधे दार नव्हतं. प्रतिक्षा काट्यापाशी बसली होती. तिनं भाताचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं, आपली ताटली ठेवली, बटण दाबलं, भात वाढून घेतला. अडीचनं भाग देऊन मागे तांदळापर्यंत गेली, तिथून औषधापर्यंत आली, आणि औषधाच्या पेनाची आकड्यांची चकती फिरवायच्या आधी आकडा मोठ्यानं म्हणाली. उज्ज्वलानं मनात तोच काढला होता. तिनं मान हलवली. मुलीनं ते पाहिलंच नाही, सुई टोचून झाली होती.

"मी राहते," जेवताना प्रतिक्षा म्हणाली. विचारलं नाही.

"रोज नवा हिशेब करावा लागेल. आजी पाणी कमीजास्त घालेल."

"तांदूळ आधी तोलीन. मग झालेला भात तोलीन. आजी घालू दे किती घालायचं ते."

"आणि शुगर उतरली तर? रानात असलीस तर?"

"खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. आजीला सांगितलंय."

"घाम आला, बोलणं तुटक झालं, की आधी साखरपाणी, मग विचारायचं," कमू म्हणाली, पाठ म्हणून दाखवल्यासारखी. "मला येत नाय का तेवढं? तुझ्या नवऱ्याला मी वाढवला. ना काटा, ना कागद. अजून चालतोय ना?"

"चालतोय, पण वाकडा," प्रतिक्षा म्हणाली, आणि आजी-नात हसल्या. उज्ज्वलाला हसू आलं नाही. ती पोरीचा घास बघत होती. वर्षभर ती घास बघत आली होती, आत जाणारा प्रत्येक. घाट, मधले पाडे, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी, टॉवरची रेंज नसलेली वळणं, हे सगळं आता ती आणि हा घास यांच्यामध्ये येणार होतं. घेऊन जावं, बॅग भरलेलीच आहे, असं एकदा पूर्ण वाटलं. पोरीचा आकडा दुपारी पुन्हा चढला तर? तो बघूनच निघायचं तिनं ठरवलं, गाडी सुटली तरी चालेल. वेळ झाल्यावर प्रतिक्षानं बोट टोचलं. एकशे एकाहत्तर. तिनं यंत्र आईकडे वळवून धरलं, जरा जास्तच वेळ धरलं. उज्ज्वलानं बॅगेतून पोरीचे कपडे काढून खाटेवर ठेवले. काटाही ठेवला. निघताना वेणीवरून हात फिरवायला गेली तर मुलगी मागे सरली नाही, पण पुढेही आली नाही. तेवढ्यावर ती एसटीत चढली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच तिनं फोन लावला. रेंज मिळेना. मग मिळाली. खोडाळ्याचं अंगण कानात आलं, कोंबडी, कुणीतरी काहीतरी सुपात पाखडतंय.

"जेवलीस?"

"जेवतेय. तांदूळ तोलला होता, आज आजीनं पाणी जास्त घातलं, म्हणून भात—"

"बरं."

"आकडा सांगू ना?"

"नंतर सांग. कसा झालाय?"

"कसा म्हणजे? बरोबर आहे. दोनदा काढला."

"हिशेब नाही गं. भात. कसा लागतो?"

मग प्रतिक्षा म्हणाली, "थांब. ताटात आहे अजून थोडा." आणि उज्ज्वलाला फोनमधून पोरीचं चावणं ऐकू आलं. आधी नेहमीसारखं घाईचं. मग सावकाश. शेजारच्या टेबलावरची बाई लोणचं पुढे करत होती, तिला उज्ज्वलानं हातानं थांबवलं. पोर चावत होती, मधेच थांबत होती, जणू जिभेनं काहीतरी शोधतेय, पुन्हा चावत होती. वर्षभरात या पोरीला हे कुणी विचारलं नव्हतं, निदान उज्ज्वलानं तरी नाही.

"चिकट आहे," प्रतिक्षा म्हणाली. "आणि वास येतो ना, तो तोंडात गेल्यावर वेगळाच होतो." पुन्हा चावणं. "आणि गोड आहे." मग एकदम घाईनं, "म्हणजे नुसता भातच आहे, मम्मी. वर काही नाही घेतलं. चावत राहिलं की होतो तसा."

"हो का?" उज्ज्वला म्हणाली. "सांग ना. कितपत गोड?"